पडद्याबाहेरचा चित्रपट : अधिकृत संकेतस्थळांची रचना

चित्रपट पूर्ण होणे ही एक घटना आणि तो पाहण्यासाठी लोकांनी घराबाहेर पडणे ही दुसरी. या दोन घटनांमधील अंतर भरून काढण्याचे काम प्रसिद्धीकडे असते. कापड किंवा धान्य विकत घेणाऱ्याला माल हाताळून पाहता येतो. चित्रपटाचा ग्राहक मात्र माल पाहण्यापूर्वीच पैसे मोजतो, आणि एकदा तो पाहून झाला की त्याचा व्यवहारही संपलेला असतो. म्हणून चित्रपटाच्या जाहिरातीला वस्तूऐवजी वचन विकावे लागते. हे वचन कधी रंगांनी दिले जाते, कधी अक्षरांच्या वळणाने, कधी एखाद्या चेहऱ्याने. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या साधनांमध्ये एका नव्या साधनाची भर पडली. ते म्हणजे चित्रपटाचे अधिकृत संकेतस्थळ, अर्थात वेबसाइट. या साधनाची रचना कशी होते, ती प्रेक्षकाच्या मनावर कसा परिणाम घडविते आणि तिच्यामुळे कोणते प्रश्न निर्माण होतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भित्तिपत्रकापासून संकेतस्थळापर्यंत

भारतात चित्रपटाच्या दृश्य प्रसिद्धीची परंपरा चित्रपटाइतकीच जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात रंगभूमीचे पडदे रंगविणारे चित्रकार होते. पुढे ते 'सैरंध्री' (१९२०) सारख्या मूकपटांचे दिग्दर्शक झाले, तरी आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः तयार करीत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे पोस्टर आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते. पोस्टराच्या जोडीला गाण्यांची पुस्तिका आली. तिच्यात कथासार, कलावंतांची नावे आणि गीते छापलेली असत. पोस्टर रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणभर थांबवी, तर पुस्तिका त्याच्या घरी जाई आणि दिवसेंदिवस वाचली जाई.

या दोन साधनांमधील फरक लक्षात घेतला की संकेतस्थळाचे वैशिष्ट्य समजणे सोपे जाते. पोस्टर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्धही दिसते. वर्तमानपत्रातील जाहिरात आणि दूरचित्रवाणीवरील झलक यांचेही तसेच आहे. संकेतस्थळावर मात्र माणूस आपण होऊन जातो. त्याने पत्ता टंकलेला असतो किंवा एखाद्या दुव्यावर बोट ठेवलेले असते. म्हणजे त्याचे कुतूहल आधीच जागे झालेले असते. पोस्टराला कुतूहल निर्माण करावे लागते, संकेतस्थळाला ते टिकवावे आणि वाढवावे लागते. संकेतस्थळाच्या रचनेचे जवळजवळ सर्व नियम या एका फरकातून निघाले आहेत.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत ज्या विश्वव्यापी जालाची कल्पना मांडली, ते १९९३ च्या एप्रिल महिन्यात सर्वांच्या विनामूल्य वापरासाठी खुले झाले. त्याच वर्षी आलेल्या 'मोझेक' या ब्राउझरमुळे मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दिसू लागली. त्यानंतर अमेरिकेतील चित्रपटसंस्थांना या माध्यमाकडे वळण्यास फार वेळ लागला नाही. १९९४ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'स्टारगेट' व 'स्टार ट्रेक जनरेशन्स' या चित्रपटांसाठी उघडलेली स्थळे अगदी आरंभीच्या चित्रपट-संकेतस्थळांमध्ये गणली जातात. हे दोन्ही विज्ञानकथापट होते, हा योगायोग नव्हे. त्या काळी संगणक वापरणारा वर्ग आणि अशा चित्रपटांचा प्रेक्षकवर्ग बऱ्याच अंशी एकच होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

संकेतस्थळाची घडण

चित्रपटाच्या संकेतस्थळाचा पहिला घटक म्हणजे त्याचा पत्ता. चित्रपटाचे नाव एखादा साधा शब्द असेल, तर त्या शब्दाचा पत्ता बहुधा आधीच कोणीतरी घेतलेला असतो. म्हणून नावापुढे 'मूव्ही' किंवा 'द फिल्म' असे शब्द जोडण्याची रीत पडली. पत्ता लक्षात राहावा, पोस्टराच्या तळाशी एका ओळीत मावावा आणि ऐकून टंकता यावा, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असते.

दुसरा घटक म्हणजे दर्शनी पान. येथे चित्रपटाचे नाव पोस्टरावरील अक्षरांतच लिहिले जाते. रस्त्यावरील फलक, वर्तमानपत्र आणि संगणकाचा पडदा या तीन ठिकाणी तेच अक्षरवळण, तेच दोन-तीन रंग आणि तीच मुख्य प्रतिमा दिसली, तर तिन्ही अनुभव मनात एकमेकांना चिकटतात. भयपटाला काळा आणि मळका पिवळा, बालपटाला उजळ लाल-निळा, ऐतिहासिक चित्रपटाला तांबूस तपकिरी असे रंगांचे संकेत रूढ आहेत. चित्रपटाची जात पहिल्या काही क्षणांत कळावी हा त्यामागील हेतू होय.

तिसरा घटक मार्गदर्शनाचा. कथासार, कलावंत, छायाचित्रे, झलक आणि तिकीट या दालनांकडे नेणारे दुवे कोठे ठेवावयाचे, किती ठेवावयाचे आणि कोणता दुवा सर्वांत ठळक करावयाचा, याचा निर्णय रचनाकाराला घ्यावा लागतो. हा क्रम चित्रपटाच्या आयुष्याबरोबर बदलतो. प्रदर्शनापूर्वी कित्येक महिने फक्त नाव, एक प्रतिमा आणि प्रदर्शनाची तारीख असते. प्रदर्शन जवळ आले की झलक पुढे येते. प्रदर्शनाच्या आठवड्यात तिकीट विकत घेण्याचे बटण सर्वांत मोठे होते. पुढे त्याच जागी घरी चित्रपट पाहण्याची सोय येते. पानाच्या अगदी तळाशी लहान अक्षरांत निर्माता, दिग्दर्शक, लेखक, संगीतकार यांची नावे दाटीने बसविलेली असतात. ती नावे कोणत्या क्रमाने आणि किती मोठ्या आकारात द्यावयाची हे बहुधा करारानेच ठरलेले असते. त्यामुळे रचनाकाराचे स्वातंत्र्य तेथे संपते.

या सर्व घटकांवर तंत्राची बंधने असतात. १९९६ च्या सुमारास घरगुती ग्राहक दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला २८.८ किलोबिट इतक्या वेगाने जालाशी जोडला जाई. या वेगाने १०० किलोबाइटचे एक चित्र येण्यास सुमारे अर्धा मिनिट लागे. अनेक संगणकांचे पडदे फक्त २५६ रंग दाखवीत. त्यांतील २१६ रंगच सर्व यंत्रांवर सारखे दिसतील अशी खात्री असे. देवनागरी लिपीसमोर आणखी एक अडचण होती. प्रत्येक यंत्रावर योग्य तो फाँट असेलच याची शाश्वती नसल्याने देवनागरी अक्षरे बहुधा चित्ररूपाने दाखवावी लागत, आणि प्रत्येक चित्र म्हणजे पुन्हा वेळ. युनिकोड या प्रमाणित संकेतावलीचा वापर रूढ झाल्यानंतरच ही अडचण दूर झाली.

ग्रहमालेची मांडणी

या बंधनांतून कल्पकता कशी वाट काढते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'स्पेस जॅम' या अमेरिकन चित्रपटाचे संकेतस्थळ. वॉर्नर ब्रदर्स या संस्थेचा हा चित्रपट १५ नोव्हेंबर १९९६ रोजी प्रदर्शित झाला. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि बग्ज बनी आदी व्यंगपात्रे यांना एकत्र आणणाऱ्या या चित्रपटाचा प्रेक्षक मुख्यतः लहान मुलांचा होता.

या संकेतस्थळाच्या दर्शनी पानावर काळ्या आकाशात तारे विखुरलेले दिसतात. मधोमध चित्रपटाचे बोधचिन्ह आहे आणि त्याच्याभोवती लहान लहान ग्रह आहेत. प्रत्येक ग्रह म्हणजे एका दालनाचे दार. खेळाडूंची माहिती, चित्रपटाच्या निर्मितीची हकिकत, मुलांसाठी रंगवावयाची चित्रे, पत्रकारांसाठी मजकूर अशी दालने त्यांमागे आहेत. तारांकित आकाश पाहणाऱ्याला विशाल वाटते. वस्तुतः ते एकाच लहानशा चित्राचे तुकडे फरशीसारखे शेजारीशेजारी बसवून तयार केले आहे. त्यामुळे ते मंद जोडणीवरही लवकर उमटे. पानावर कोठेही चित्र ठेवण्याची सोय त्या काळच्या संकेतभाषेत नव्हती. म्हणून रचनाकारांनी रेषा न दिसणारा एक तक्ता आखला आणि त्याच्या घरांत ग्रह बसविले.

या रचनेतील मर्म असे की तिच्यात सजावट आणि उपयोग एकरूप झाले आहेत. ग्रह हा चित्रपटाच्या कथेचाही भाग आहे आणि दाराची मूठही आहे. ज्या मुलाने पूर्वी कधी संकेतस्थळ पाहिले नाही, त्यालाही ग्रहाला हात लावून पाहावेसे वाटते. कोणत्या दारामागे काय आहे हे आधी नीट कळत नाही. एरवी हा दोष ठरला असता, पण येथे तो खेळाचाच भाग बनतो.

अबोलपणाचे सामर्थ्य

'स्पेस जॅम'च्या संकेतस्थळाने आपण जाहिरात आहोत हे कधी लपविले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी जाहिरात असल्याचे लपविणारे एक संकेतस्थळ निघाले आणि त्याने चित्रपट-प्रसिद्धीचा इतिहास बदलला. डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ या तरुण दिग्दर्शकांच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या भयपटाचे ते स्थळ होय. मेरिलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या अरण्यात एका चेटकिणीच्या आख्यायिकेवर माहितीपट काढण्यासाठी गेलेले तीन विद्यार्थी १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात बेपत्ता होतात आणि वर्षभराने त्यांनी चित्रित केलेल्या फिती सापडतात, अशी या चित्रपटाची बतावणी आहे. आख्यायिकाही काल्पनिक आणि विद्यार्थ्यांचे बेपत्ता होणेही काल्पनिक. चित्रीकरणाचा मूळ खर्च एक लाख डॉलरपेक्षाही कमी होता.

१९९८ च्या जून महिन्यात सांचेझ यांनी स्वतःच या चित्रपटाचे संकेतस्थळ तयार केले. १९९९ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखविला गेला आणि आर्टिझन या वितरणसंस्थेने तो सुमारे ११ लाख डॉलरला विकत घेतला. त्यानंतर संकेतस्थळाचा विस्तार झाला. त्यावर १७८५ पासूनच्या कथित घटनांची कालसूची होती, बेपत्ता विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती, सापडलेल्या रोजनिशीची पाने होती, तपासात हाती लागलेल्या वस्तूंची चित्रे होती. काळी पार्श्वभूमी, साधी अक्षरे, काटक्या बांधून केलेली मानवाकृती आणि थोडका मजकूर एवढीच त्याची सामग्री होती. चित्रपटाच्या जाहिरातीत हमखास आढळणाऱ्या गोष्टी त्यात नव्हत्या. परीक्षकांची स्तुतिवचने नव्हती, कलावंतांची हसरी छायाचित्रे नव्हती, 'लवकरच येत आहे' अशी घोषणाही नव्हती. या गोष्टी वगळणे हीच या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली कृती होती. एखाद्या शोकाकुल कुटुंबाने किंवा जिज्ञासू संशोधकाने बनवावे तसे ते स्थळ दिसे, आणि म्हणूनच ते खरे वाटे. मधूनमधून नवा पुरावा प्रसिद्ध केला जाई, त्यामुळे वाचक परत परत येत.

चित्रपट जुलै १९९९ मध्ये प्रदर्शित झाला आणि जगभरात त्याचे उत्पन्न सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरवर गेले. या यशाचे सर्व श्रेय संकेतस्थळाला देता येणार नाही. दूरचित्रवाणीवर दाखविलेला बनावट माहितीपट आणि 'बेपत्ता' म्हणून वाटलेली पत्रके यांचाही त्यात वाटा होता. परंतु चित्रपट पाहण्यापूर्वीच तो जगून पाहण्याची जागा संकेतस्थळाने पुरविली, हे मान्य करावे लागेल.

या यशाला दुसरी बाजूही आहे. चित्रपटातील तीन कलावंतांनी, म्हणजे हेदर डोनाह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकेल विल्यम्स यांनी, स्वतःच्याच नावांनी भूमिका केल्या होत्या. ते मरण पावले असावेत हा समज प्रसिद्धीचा पाया असल्याने त्यांना आरंभी लोकांसमोर येता आले नाही. हेदर डोनाह्यू यांच्या आईकडे सांत्वनपत्रे आली. आपले नाव, आपला चेहरा आणि आपला कल्पित मृत्यू ज्या यशाच्या कामी आला, त्या यशाचा न्याय्य वाटा आपल्याला मिळाला नाही, ही या तिघांची तक्रार होती. २०२४ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी एका जाहीर पत्राद्वारे योग्य मोबदल्याची मागणी पुन्हा मांडली. प्रसिद्धीची रचना किती प्रभावी ठरली, एवढ्यावरच तिचे मूल्यमापन संपत नाही. तिची किंमत कोणी मोजली हेही पाहावे लागते, आणि या बाबतीत हे उदाहरण कायमचे बोलके आहे. वाचकाला कल्पनेच्या खेळात सामील करून घेणे आणि त्याला फसविणे यांतील सीमारेषा बारीक असते. खेळात उतरणाऱ्याला तो खेळ आहे हे निदान कोठेतरी उमगावे लागते.

वाचकाचा झालेला सहभागी

पुढील काही वर्षांत रचनाकारांनी या सीमारेषेवर अनेक प्रयोग केले. व्यसनाधीनतेवरील 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' (२०००) या चित्रपटाचे संकेतस्थळ लंडनच्या 'हाय-रेझ' या रचनासंस्थेने केले. आरंभी ते दूरचित्रवाणीवरील भडक विक्री-कार्यक्रमाच्या पानासारखे दिसे. वाचक पुढे जाऊ लागला की अक्षरे तुटू लागत, चित्रे विस्कटत आणि पानाचा जणू तोल सुटे. चित्रपटातील माणसे जशी हळूहळू उद्ध्वस्त होतात तसेच पानही उद्ध्वस्त होई. येथे संकेतस्थळाने कथा सांगितली नाही, पण कथेचा अनुभव मात्र दिला.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ए. आय.' (२००१) या चित्रपटाच्या झलकीतील नामावलीत जीनीन साला या एका व्यक्तीचे नाव होते आणि तिचा हुद्दा 'संवेदनशील यंत्रांची उपचारतज्ज्ञ' असा दिला होता. अशी व्यक्ती अस्तित्वात नव्हती. कुतूहलाने ते नाव जालावर शोधणाऱ्यांना २१४२ या भावी वर्षातील असल्याची बतावणी करणारी अनेक संकेतस्थळे सापडत. त्यांतील एक स्थळ 'बंगलोर जागतिक विद्यापीठ' या काल्पनिक संस्थेचे होते. या स्थळांच्या जाळ्यात एक खुनाचे रहस्य दडविले होते. ते उकलण्यासाठी हजारो अनोळखी माणसे एकत्र आली आणि कित्येक आठवडे त्यात गुंतून राहिली. येथे बतावणी उघड होती. दीड शतकानंतरचे वर्ष पाहूनच हा खेळ आहे हे कळत होते. त्यामुळे कोणाची फसवणूक झाली नाही आणि आनंदही उणावला नाही.

'द डार्क नाइट' (२००८) या चित्रपटासाठी २००७ मध्ये आणखी साधी पण परिणामकारक युक्ती योजण्यात आली. प्रथम हार्वी डेंट या पात्राचा निवडणूक-प्रचार करणारे एक पान उघडले गेले. त्यानंतर त्याच पानाची विद्रूप केलेली आवृत्ती आली. तेथे आपला ई-मेलचा पत्ता देणाऱ्या प्रत्येक वाचकामागे त्या चित्राचा एक बिंदू नाहीसा होई आणि त्याखाली दडलेला खलनायक जोकरचा चेहरा तेवढाच उघडा पडे. एकट्या वाचकाला पूर्ण चेहरा दिसणे शक्य नव्हते, त्यामुळे प्रत्येकाने दुसऱ्यांना बोलाविले. निर्मात्यांच्या हाती मात्र एक चेहरा देऊन असंख्य पत्ते पडले. सहभागाच्या अशा प्रत्येक योजनेत वाचकही काहीतरी देत असतो, हे यावरून लक्षात यावे. पोस्टर पाहणाऱ्याला आपले नाव सांगावे लागत नव्हते.

'बार्बी' (२०२३) या चित्रपटाच्या वेळी ही देवाणघेवाण आणखी पुढे गेली. एका पानावर स्वतःचे छायाचित्र घातले की ते चित्रपटाच्या पोस्टरात बसवून मिळे. लोकांनी ती चित्रे आपल्या मित्रमंडळींत वाटली, आणि प्रत्येक वाटणारा चित्रपटाचा बिनपगारी प्रचारक बनला.

मर्यादा आणि बदलता काळ

या यशोगाथांवरून संकेतस्थळ म्हणजे हमखास गर्दी असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 'स्नेक्स ऑन अ प्लेन' (२००६) या चित्रपटाच्या नुसत्या नावाने प्रदर्शनापूर्वी कित्येक महिने जालावर धमाल उडवून दिली होती. नट सॅम्युएल जॅक्सन यांच्या आवाजात आपल्या मित्राला दूरध्वनीवरून संदेश पाठविण्याची सोय संकेतस्थळावर होती आणि ती फार लोकप्रिय झाली. प्रत्यक्ष प्रदर्शनाच्या पहिल्या आठवडाअखेरीस अमेरिकेत जमा झालेले उत्पन्न मात्र सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते. लोकांना नावाची गंमत वाटली होती, पण ती गंमत त्यांना घरबसल्या फुकट मिळाली होती. जी रचना कुतूहल वाढविण्याऐवजी ते तेथल्या तेथेच शमविते, ती चित्रपटगृहापर्यंत कोणाला नेत नाही.

दुसरा बदल तंत्रातून आला. २००७ नंतर स्पर्शपटलाचे मोबाइल फोन पसरले. ज्या 'फ्लॅश' या तंत्रावर 'रेक्विएम'सारखी स्थळे उभी होती, ते आयफोनवर चालत नसे. लहान पडद्यावर गुंतागुंतीची रचना अडचणीची ठरू लागली. वाचकही संकेतस्थळावर येण्याऐवजी झलक पाहण्यासाठी यूट्यूबकडे आणि चर्चेसाठी समाजमाध्यमांकडे जाऊ लागला. परिणामी अनेक चित्रपटांचे अधिकृत संकेतस्थळ पुन्हा एका पानापुरते आकुंचित झाले. एक प्रतिमा, एक झलक आणि तिकिटाचे एक बटण एवढेच त्यावर उरले. एका अर्थाने ते पुन्हा पोस्टर बनले.

२०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' या चित्रपटासाठी मुद्दाम जुन्या वळणाचे संकेतस्थळ करण्यात आले. चित्रपटाची कथा १९९५ च्या सुमारास घडते. म्हणून त्याच्या पानावर त्या काळचे भडक रंग, लुकलुकणारी अक्षरे आणि भेट देणाऱ्यांची संख्या दाखविणारा मोजमापक ठेवला होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जी केवळ तंत्राची अपरिहार्यता होती, तिला आता ऐतिहासिक वेशभूषेचे मोल आले होते.

जतनाचा प्रश्न

शेवटी एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. प्रसिद्धीचे साहित्य क्षणिक उपयोगासाठीच निर्माण होते, तरीही पुष्कळदा तेच चित्रपटापेक्षा अधिक काळ टिकते. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो कसा दिसत असेल याची कल्पना छायाचित्रे, जाहिराती आणि अन्य मुद्रित साहित्य यांवरूनच करावी लागते. भारतीय मूकपटांपैकी बहुसंख्य चित्रपटांची हीच अवस्था आहे. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांच्या प्रतींबरोबर पोस्टरे, पुस्तिका आणि स्थिरचित्रेही जमविली, त्यामागे हीच दृष्टी होती.

संकेतस्थळाच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येते. पोस्टर भिंतीवरून उतरविले तरी एखादी घडी केलेली प्रत कोणाच्या तरी कपाटात राहते. संकेतस्थळाच्या पत्त्याचे वार्षिक शुल्क भरले नाही की ते एका दिवसात नाहीसे होते. तो पत्ता दुसऱ्या कोणाच्या हाती जातो आणि चित्रपटाच्या जागी भलत्याच मालाची जाहिरात दिसू लागते. 'फ्लॅश' या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. त्याबरोबर एका संपूर्ण दशकातील अनेक कल्पक संकेतस्थळे नेहमीच्या ब्राउझरवर उघडेनाशी झाली. त्यांतील काही विशेष साधनांच्या साहाय्याने पुन्हा चालविता येतात. इतरांची केवळ छायाचित्रे आणि वर्णने उरली आहेत. १९९६ मध्ये स्थापन झालेली 'इंटरनेट आर्काइव्ह' ही अमेरिकेतील संस्था जालावरील पानांच्या प्रती जतन करते. पण पानाचे रूप जपणे एक आणि त्याचे चालणे-बोलणे जपणे दुसरे. वाचकाच्या स्पर्शाने विस्कटणाऱ्या पानाचे स्थिरचित्र म्हणजे नृत्याचे छायाचित्र होय.

या पार्श्वभूमीवर 'स्पेस जॅम'चे संकेतस्थळ विशेष वाटते. त्यात कोणतेही नाजूक तंत्र नव्हते. साधी चित्रे, साधा तक्ता आणि साधे दुवे यांवर ते उभे होते. दरम्यानच्या वर्षांत ब्राउझर बदलले, संगणक बदलले, पण ते पान उघडत राहिले. २०२१ मध्ये या चित्रपटाचा पुढील भाग आला, तेव्हा नव्या संकेतस्थळासाठी मुख्य पत्ता मोकळा करण्यात आला. जुने स्थळ मात्र पुसून न टाकता त्याच पत्त्याच्या एका उपविभागात ठेवण्यात आले. ज्यांनी बालपणी ते पाहिले होते, त्यांना आपल्या मुलांना ते दाखविता आले.

म्हणून अधिकृत संकेतस्थळाची रचना पारखताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तिचे रूप चित्रपटाच्या प्रकृतीशी जुळते काय, ही पहिली. ती वाचकाशी आणि ज्यांची नावे व चेहरे ती वापरते त्यांच्याशी प्रामाणिक आहे काय, ही दुसरी. आणि ती उद्या कोणाला पाहता येईल काय, ही तिसरी. पहिल्या गोष्टीकडे निर्माते आपल्या हितासाठी लक्ष देतातच. उरलेल्या दोहोंसाठी जाणत्या प्रेक्षकाचा आग्रह आणि सार्वजनिक संग्रहालयांची तत्परता यांची गरज आहे. बाबूराव पेंटरांच्या पोस्टरांपैकी जी थोडी आज पाहता येतात, ती कोणीतरी वेळीच जपली म्हणूनच. आजच्या संकेतस्थळांनाही जपणारे हात मिळाले नाहीत, तर उद्याच्या इतिहासकाराला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील प्रसिद्धी दिसेल, पण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील दिसणार नाही.